पंडिता रमाबाई : दुष्काळातील शाळा

एप्रिल महिना आला की आपल्या मंडळ्यांतून पंडिता रमाबाईंची आठवण निघते. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा आणि देहावसान ५ एप्रिल १९२२ चे. संडे स्कूलच्या वर्गात मुलांना त्यांची गोष्ट सांगितली जाते ती बहुधा ठरलेल्या रीतीने: जंगलात जन्म, संस्कृतचे पाठांतर, कलकत्त्याला मिळालेली पंडिता ही पदवी, विलायतेत बाप्तिस्मा आणि मग मुक्ती मिशन. ही गोष्ट खोटी नाही, पण ती फार घाईची आहे. ज्या एका गोष्टीकडे या लेखात आम्हांला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे, ती या घाईत हातून निसटते. रमाबाई ह्या मुख्यतः शाळा चालविणाऱ्या बाई होत्या आणि त्यांच्या शाळेला जे रूप आले ते दुष्काळांमुळे आले. पहिल्या दुष्काळात त्या स्वतः उपाशी होत्या. पुढच्या दोन दुष्काळांत उपाशी मुली त्यांच्या दाराशी होत्या.

पहिल्या दुष्काळापासून सुरुवात करू. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा त्या काळचा दंडक बाजूला ठेवून त्यांनी आपल्या पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. याबद्दल त्यांना शास्त्री-पंडितांपुढे जाब द्यावा लागला, तो त्यांनी दिला. पुढे ते पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या रानात जाऊन राहिले. तेथे घर बांधले, विद्यार्थी ठेवून घेतले, येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घातले. रानातली वसतिगृहाची शाळाच म्हणा ना. ही शाळा दुष्काळाने बुडाली नाही, आदरातिथ्याने बुडाली. खर्च वाढला, कर्ज झाले, जमीनजुमला गेला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना त्यांना वेताच्या टोपलीत घालून, ती टोपली हमालाच्या डोक्यावर देऊन कुटुंब त्या घरातून बाहेर पडले. ज्यांना एखाद्या वसतिगृहाचा किंवा शाळेचा जमाखर्च सांभाळावा लागला आहे, त्या वाचकांना अनंतशास्त्र्यांची ही चूक ओळखीची वाटेल. मन मोठे आणि वही कोरी.

त्यानंतर हे कुटुंब तीर्थाटन करीत भारतभर फिरले. देवळात, घाटावर, झाडाखाली बसून पुराण सांगायचे, ऐकणारे जे धान्य, वस्त्र, पैसा पुढे ठेवतील त्यावर गुजराण करायची. रमाबाईंना शिकविले ते मुख्यत्वे आईने, पहाटेच्या वेळी, प्रवासात. बाराव्या-पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना हजारो श्लोक मुखोद्गत होते. शेत नाही, दुकान नाही, धंदा नाही. होते ते सारे तोंडपाठ.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाची झळ लागली आणि हे पाठांतर विकत घेणारा कोणी उरला नाही. ज्याच्या घरी दाणा नाही तो पुराण ऐकून दक्षिणा कोठून देणार? जवळचे पैसे देवकार्यात आणि ब्राह्मणभोजनात आधीच संपले होते. दागिने गेले, बरी वस्त्रे गेली, स्वयंपाकाची भांडी गेली. शेवटी तिरुपतीच्या बाजूच्या रानात पाने आणि पाणी यांवर दिवस काढण्याची पाळी आली. म्हातारे व जवळजवळ आंधळे झालेले अनंतशास्त्री पवित्र तळ्यात देह सोडायला निघाले होते. मुलगा श्रीनिवास याने ब्राह्मणपणाचा अभिमान सोडून मिळेल ते काम करायचे ठरविले, तेव्हा तो विचार थांबला. पण वडील वाचले नाहीत. दीड-एक महिन्याने निजामाच्या मुलखात रायचूरला आई गेली. आईला भाकरीचा तुकडा हवा होता म्हणून सोळा वर्षांच्या रमाबाई एका घरी मागायला गेल्या. लाजेने त्यांच्या तोंडून शब्द निघेना. त्या घरच्या बाईने चेहरा पाहूनच भाकर दिली, पण आईला आता ती गिळवत नव्हती. तिरडीला चार खांदेकरी हवेत. गावातले दोनच ब्राह्मण तयार झाले, तिसरा श्रीनिवास, चौथ्या रमाबाई. त्या ठेंगण्या असल्यामुळे त्यांचा खांदा पुरेना, म्हणून तिरडीचे टोक त्यांनी डोक्यावर घेतले. काही महिन्यांनी थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली.

भाऊ आणि बहीण दोघे उरले. ती दोघे पायी उत्तरेकडे निघाली. थंडीत अंगावर पांघरूण नसे. झेलमच्या काठी रात्री वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन ती झोपली. या सर्व हालांचा परिणाम रमाबाईंच्या शरीरावर जन्मभर राहिला. त्यांना ऐकू कमी येऊ लागले आणि पुढे इंग्लंडमध्ये डॉक्टरीचे शिक्षण घेण्याचा विचार याच कारणाने सोडावा लागला.

पुष्कळ वर्षांनी रमाबाईंनी या दिवसांचा हिशेब लिहिला. तो लिहिताना त्यांनी पावसाला दोष दिला नाही, सरकारलाही फारसा दिला नाही. आईवडील मेले याचा दोष त्यांनी आपल्या घराच्या विद्येच्या व जातीच्या अभिमानावर ठेवला. हाताने करण्याचे एकही काम आपण शिकलो नाही, शिकायला कमीपणा वाटला. एखादा उद्योग हातात असता तर म्हाताऱ्या आईवडिलांना दोन घास देता आले असते, असे त्यांचे म्हणणे होते. हे वाक्य लिहायला सोपे नव्हते. ज्या विद्येने त्यांना नाव मिळवून दिले तिच्याविषयीच त्या हे लिहीत होत्या. मुक्ती मिशनची शाळा समजून घ्यायची तर आमच्या मते सुरुवात येथून केली पाहिजे.

मधल्या वर्षांची हकीकत वाचकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने वारले. पुण्यात आर्य महिला समाज, १८८३ मध्ये इंग्लंड, तेथे वाँटेज येथे २९ सप्टेंबरला बाप्तिस्मा, मग चेल्टनहॅमच्या विद्यालयात अध्ययन आणि संस्कृतचे अध्यापन. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू विधवांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. बॉस्टनला त्यांच्या नावाची मंडळी स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे शाळेचा खर्च चालविण्याचे वचन दिले.

अमेरिकेतील त्यांच्या एका उद्योगाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. फ्रोबेलची बालोद्यान पद्धत त्यांनी तेथे बारकाईने अभ्यासली. लहान मुलाने हाताने करावे, मोजावे, जुळवावे, आणि त्यातून त्याची बुद्धी जागी व्हावी, ही ती पद्धत. श्लोक पाठ करीत वाढलेल्या बाईला ही पद्धत का आवडली असेल हे सांगायला नको.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलले. हे सदन उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी होते. धर्माच्या बाबतीत कोणावर दडपण आणायचे नाही, असा करार होता. मुलींचा स्वयंपाक, सोवळेओवळे, जातीचे नियम त्यांच्या इच्छेप्रमाणे पाळू दिले जात. पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई याच शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. पण बाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि काही मुली आपणहून आत येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात मोठे वादळ झाले. सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात कोण किती बरोबर होते याची चर्चा शंभर वर्षांहून अधिक चालली आहे. आम्ही एवढेच म्हणू की पालकांची भीती अकारण नव्हती, आणि बाईंनी दार लावून प्रार्थना करावी अशी अपेक्षाही न्याय्य नव्हती.

बॉस्टनच्या मदतीची दहा वर्षे १८९८ मध्ये संपणार होती. मग काय? बाईंनी उत्तर शोधले ते जमिनीत. अमेरिकेतील स्नेह्यांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, एवढाच त्या वेळचा बेत होता. ही जमीन दुष्काळासाठी घेतलेली नव्हती. परंतु दुष्काळ आला तेव्हा ती होती, आणि स्टेशन जवळ होते. योसेफाच्या वेळी फारोला सात वर्षे आधी स्वप्न पडले होते. रमाबाईंना असे कोणते स्वप्न पडले नव्हते, त्यांनी फक्त आपल्या वडिलांची चूक पुन्हा केली नाही.

१८९६ चा पाऊस सप्टेंबरनंतर फिरकलाच नाही. मध्य प्रांत, वायव्य प्रांत, दख्खन, सगळीकडे पिके करपली. त्या काळचा दुष्काळ कसा असे ते आजच्या वाचकाला सांगितले पाहिजे. बाजारात धान्य अजिबात नसे असे नव्हे. आगगाडीने धान्य येत होते. पण शेतात काम नाही म्हणून मजुरी नाही आणि मजुरी नाही म्हणून चढ्या भावाने धान्य घ्यायला पैसा नाही. सरकारने दुष्काळी कामे काढली होती, मुख्यतः खडी फोडण्याची आणि रस्त्यांची. काम करण्याची ताकद नसलेल्यांसाठी अनाथगृहे म्हणजे पुअरहाउस उघडली होती. पण एकटी पडलेली तरुण मुलगी या दोन्ही ठिकाणी सुरक्षित नव्हती. नेमकी हीच गोष्ट रमाबाईंनी जाऊन पाहिली.

जाण्यापूर्वी त्यांचे मन मागेपुढे होत होते हे त्यांनी स्वतः कबूल केले आहे. हाती पैसा नव्हता. बॉस्टनचा पैसा शारदा सदनासाठी होता, दुष्काळपीडितांसाठी नव्हता. असलेल्या मुलींचे भागविता भागविता नाकी नऊ येत होते. पण वीस-बावीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे दिवस त्यांना स्वस्थ बसू देईनात. त्या मध्य प्रांतात गेल्या, दुष्काळी छावण्या आणि पुअरहाउसे आतून पाहिली. तरुण मुली मुकादमांच्या आणि दलालांच्या हाती कशा पडतात हे त्यांनी पाहिले आणि ते झाकून न ठेवता लिहून छापले. मग त्यांनी मुली आणायला सुरुवात केली. त्या वेळच्या दुष्काळातून आणलेल्या मुलींची संख्या सुमारे ३०० झाली.

त्या पुण्याला आणल्या तर तेथे प्लेग. शहरात इतक्या आजारी, कंगाल मुली ठेवू नका, असा अधिकाऱ्यांचा हुकूम आला. येथे केडगावची ती जमीन कामी आली. मुलींना आगगाडीने तेथे हलविले. राहायला घर नव्हते, तंबू आणि गवताच्या झोपड्या होत्या. भोवती बाग आणि माळ.

याच सुमारास आणखी एक प्रकरण झाले. बाईंच्या हाताखालची एक मुलगी पुण्यात प्लेगच्या इस्पितळात नेली गेली आणि ती त्यांना परत मिळाली नाही. या इस्पितळात व छावण्यांत बायकामुलींची हेळसांड होते, त्यांच्या अब्रूला धोका आहे, असे पत्र त्यांनी १८९७ मध्ये बाँबे गार्डियन या ख्रिस्ती वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. ते इतके गाजले की विलायतेत पार्लमेंटात त्यावर प्रश्न निघाले. मुंबई सरकारने त्यातील मजकूर नाकारला. त्या वेळी ख्रिस्ती झालेल्या माणसाने सरकारविरुद्ध असे लिहिणे ही साधी गोष्ट नव्हती. सरकारी हुकूम आला तेव्हा त्यांनी ३०० मुली हलविल्या. एका मुलीचा पत्ता लागेना तेव्हा त्यांनी सरकारला जाब विचारला. दोन्ही गोष्टी एकाच बाईने, एकाच वर्षात केल्या.

आता शाळेकडे वळू. भुकेने खंगलेल्या ३०० मुली म्हणजे काय याची कल्पना आपल्याला येणार नाही. फार दिवसांच्या उपाशी पोटाला एकदम भरपेट अन्न दिले तर ते मारते. अंगावर खरजा, फोड, जुलाब, ताप. काही मुली गाडीतून उतरल्या त्या जगण्यासाठी नव्हेच. पुष्कळ मेल्या, आणि ज्या वाचल्या त्यांनाही अन्न लपवून ठेवण्याची, चोरण्याची, मारामारी करण्याची सवय लागलेली. छावणीत जो हिसकावतो तोच जगतो हे त्या शिकून आल्या होत्या. अशा मुलींना कोण सांभाळणार?

येथे बाईंनी जे केले ते आमच्या मते त्यांच्या कामातील सर्वांत मोठी गोष्ट आहे. त्यांनी बाहेरून परिचारिकांची फौज मागविली नाही, तिला पैसाही नव्हता. शारदा सदनातील मोठ्या मुलींना त्यांनी पुढे केले. ह्या मुली ब्राह्मणांच्या घरच्या, सोवळ्यात वाढलेल्या, डोक्यावरचे केस काढलेल्या विधवा म्हणून आलेल्या. त्यांतील ज्यांनी ख्रिस्ताला मानले होते त्यांनी नव्या मुलींचे लहान लहान गट वाटून घेतले. कोणत्या जातीच्या आहेत हे न विचारता त्यांना न्हाऊ घालणे, फोड धुणे, जेवू घालणे, रात्री जवळ झोपणे हे काम सुरू झाले. विद्यार्थिनी मातृस्थानी आली. शाळेत शिकविता येत नाहीत असे काही धडे असतात, ते या मुलींना त्या झोपड्यांतून मिळाले. सुंदराबाई पवार आणि १८९८ मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांनी त्या वर्षी सर्व भार सांभाळला, कारण बाईंना दहा वर्षांचा हिशेब द्यायला अमेरिकेला जावे लागले. हिशेब द्यायला त्या स्वतः गेल्या, हेही वडिलांच्या वहीशी ताडून पाहावे.

केडगावच्या या संस्थेला मुक्ती हे नाव पडले. शारदा सदनात धर्माबाबत तटस्थतेचा करार होता, मुक्तीत तो नव्हता. येथे उघडउघड ख्रिस्ताची शिकवण होती आणि बाईंनी ते कोणापासून लपविले नाही. दुष्काळाचा फायदा घेऊन पोरींना बाटविले, असा आरोप त्या वेळी झाला आणि आजही कधी कधी होतो. आपण ख्रिस्ती माणसांनी तो ऐकून घ्यावा, कानाआड करू नये. भुकेल्याला अन्नाबरोबर धर्म देणाऱ्याने स्वतःला पुन्हा पुन्हा तपासले पाहिजे. पण हेही खरे की त्या मुली ज्या ठिकाणाहून उचलल्या त्या ठिकाणी त्यांच्यासाठी दुसरे फारसे कोणी उभे नव्हते, आणि ज्यांना ही गोष्ट बोचली त्यांतील काहींनी पुढे स्वतः चांगली अनाथाश्रमे काढली.

मुलींना सांभाळल्यावर त्यांना शिकवायचे काय? येथे रायचूरची ती तिरडी आपल्याला पुन्हा दिसते. प्रत्येक मुलीने वाचायला शिकायचे, आणि प्रत्येक मुलीने हाताने एखादे काम शिकायचे, हा मुक्तीचा नियम झाला. अर्धा वेळ पाटी, अर्धा वेळ काम. शेतात पेरणी-काढणी, गोठा, विणकामाचे माग, शिवण, तेलाचे घाणे, धुलाई, स्वयंपाक. लहान मुलांसाठी बालोद्यानाचा वर्ग. ज्यांना अक्षरे लवकर येत त्या शिक्षिका होण्याच्या वाटेला लागत. ज्यांना येत नसत त्या मागावर किंवा बागेत हुशार ठरत. आणि कोणतेही काम कमी जातीचे नव्हते. आजच्या वाचकाला हे साधे वाटेल. अनंतशास्त्र्यांच्या लेकीच्या शाळेत हे साधे नव्हते.

दोन वर्षे झाली नाहीत तोच १८९९ चा पाऊस गेला. बडोद्याच्या बाजूच्या वाचकांना हा दुष्काळ वेगळा सांगायला नको. विक्रम संवत १९५६ चा म्हणून तो छप्पनिया दुकाळ, गुजरातेत अजून याच नावाने ओळखला जातो. गुजरात, काठेवाड, राजपुताना येथे माणसाबरोबर गुरेढोरेही गेली. ज्या गुजरातने पूर्वीच्या पिढीत असा दुष्काळ पाहिला नव्हता तेथील लोकांना कसे वागावे हेच कळेना. रमाबाईंनी आपली माणसे तिकडे पाठविली. या वेळी बाईंना एकटीने फिरावे लागले नाही. १८९७ मध्ये ज्या मुली हाडांचे सापळे होऊन आल्या होत्या, त्यांतील सावरलेल्या आता केडगावी गाडीतून उतरणाऱ्यांना हात द्यायला उभ्या होत्या. भाषा निराळी होती. आधीच्या मध्य प्रांतातून हिंदी बोलत आलेल्या, नव्या गुजराती व मारवाडी बोलणाऱ्या, शाळा मराठी. आपल्या मंडळ्यांतील लोकांना ही अडचण घरची वाटेल. उपासनेत एक भाषा, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी, असे आपण किती पिढ्या काढल्या आहेत!

या दुसऱ्या खेपेत इतक्या मुली आल्या की मुक्तीतील एकूण संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या लोकांना रोज दोन वेळा जेवायला घालायचे, तेही बांधलेल्या उत्पन्नाशिवाय. बाईंचा क्रम ठरलेला होता. गरज देवापुढे मांडायची, आलेला पैसा लिहायचा, खर्च लिहायचा. हातात नसलेल्या पैशावर इमारत बांधायची नाही. श्रद्धा आणि वही यांचे भांडण आहे असे त्यांना कधी वाटले नाही. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले, १८९९ मध्ये मोठे प्रार्थनामंदिर उभे राहिले. पुढे मनोरमाने आंधळ्या मुलींसाठी ब्रेलचा वर्ग चालविला. ज्यांना डोळे नव्हते त्यांनाही वाचायला आणि हाताने काम करायला शिकविले, नियमातून कोणी सुटले नाही.

१९०५ मध्ये मुक्तीत जे आत्मिक जागरण झाले त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. फक्त हे ध्यानात घ्यावे की ज्या मुली त्या वेळी टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगायला बाहेर पडल्या, त्यांतील बहुतेक दुष्काळातल्या होत्या. आपल्या मंडळ्यांतील एखाद्या घराण्यात पणजी मुक्तीची होती असे ऐकू येते ते यामुळेच. तेथील मुली शिक्षिका, बायबल वुमन, परिचारिका आणि पाळकांच्या व सुतार-शेतकऱ्यांच्या पत्नी म्हणून दूरदूर गेल्या. घरात असे कोणी होते का, हे संडे स्कूलच्या शिक्षकांनी आपल्या वर्गाला जरूर विचारावे. मुले घरी जाऊन विचारतील आणि आजीला बोलायला निमित्त मिळेल.

१९१२ मध्ये मायलेकींनी गुलबर्ग्याला मुलामुलींच्या शिक्षणाचे काम सुरू केले. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आता ते कर्नाटकातील कलबुरगी. शिक्षणात मागे राहिलेला तो मुलूख. रायचूर तेथून फार लांब नाही. आई जेथे भाकरीच्या तुकड्याविना गेली त्या बाजूला मुलीने शाळा नेली. यात बाईंनी काही हिशेब धरला होता की नाही, हे त्यांनी सांगितलेले नाही.

त्यांची शेवटची वर्षे एका कामात गेली. खेड्यातल्या, नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत त्यांना पवित्र शास्त्र द्यायचे होते. प्रचलित भाषांतर त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. संस्कृतवर एवढी हुकमत असलेल्या बाईने संस्कृत शब्द वेचून बाहेर काढावेत, हे आम्हांला फार विलक्षण वाटते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, व्याकरणे आणि शब्दकोश घेऊन रात्ररात्र बसल्या. नवा करार १९१३ मध्ये छापून झाला. खिळे जुळविणे, छपाई, घडी घालणे, बांधणी, हे सारे मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी झाले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. जिच्या हाती सर्व सोपवायचे तीच आधी गेली. बाईंनी काम थांबविले नाही. जुन्या कराराची शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्यांनी देह ठेवला. दफन केडगावलाच, मुक्तीच्या आवारात झाले. छापखाना चालू राहिला. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ मध्ये बाहेर आले. दुष्काळातून आलेल्या ज्या मुलींना केडगावला प्रथम अक्षर कळले, त्यांतील कित्येकींनी त्याची पाने आपल्या हातांनी जुळविली होती.